आचार्यांचा डावा हात

"सोडा. सोडा म्हटलं ना, आचार्य!"

पडद्याआडून काकुशुनचा आवाज आला. पाठोपाठ लाकडी चमचा जमिनीवर आपटला.

मी पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. आत जायचा धीर मला होत नसे. ज्यांनी मला एकेक अक्षर गिरवायला लावलं, त्यांच्या हनुवटीवरून पेज ओघळताना बघणं मला जमत नव्हतं. म्हणून मी रोज यायचो, पडद्याबाहेर बसायचो आणि आतली चाहूल ऐकून परत पोथीशाळेत जायचो. याला सेवा म्हणता येईल का, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

काकुशुन रिकामी वाटी घेऊन बाहेर आला. बाहीवर पेज सांडली होती.

"झाली का पंडितांची सेवा? बसून बसून पायांना मुंग्या आल्या असतील."

"कसे आहेत?"

"काल होते तसेच. उजवी बाजू गेली, जीभ गेली. भूक तेवढी राहिली." त्यानं बाही पिळली. "आणि ऊठ आता. गेन्यू आलेत खालच्या मठातून. आज निकाल लावूनच उतरणार म्हणतात."

मी उठलो.

निकाल कशाचा, ते सांगतो. हिमुरो डोंगरावरच्या आमच्या मठात हाताच्या बोटांची एक मुद्रा होती. होमाच्या शेवटी मठाधिपती ती धरत. ती धरल्याशिवाय होम पुरा होत नसे. ती कुठल्याही पोथीत लिहिलेली नव्हती. एका आचार्यानं एकाच शिष्याला द्यायची, तीही चीवराच्या बाहीखाली, हातात हात घेऊन. धरतानासुद्धा बाहीखालीच धरायची. त्यामुळे देणाऱ्यानंही आणि घेणाऱ्यानंही ती डोळ्यांनी पाहिलेली नसे. ज्याला ती मिळाली, तो पुढचा मठाधिपती.

आचार्य दोगोन यांना झटका आला, तेव्हा त्यांनी कुणाचं नाव जाहीर केलेलं नव्हतं. मुद्रा मला दिली आहे, असं मी सांगितलं. काकुशुननंही तेच सांगितलं.

दोघांतला एक खोटं बोलतोय, असं सगळा मठ म्हणत होता. मला तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं की आचार्यांनी आधी मला दिली, मग त्यांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी ती त्याला दिली. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. काकुशुन कोळसे पाडणाऱ्याचा मुलगा. पहाटे बर्फ फोडून आचार्यांसाठी पाणी आणायचा. त्याचा आवाज असा की मंत्र म्हणू लागला की दिव्याची ज्योत स्थिर व्हावी. आणि मी? चार माणसांसमोर माझं स्वतःचं नाव सांगताना अडखळणारा.

मुद्रा दिली त्या दिवशी मी आचार्यांना विचारलंही होतं. त्यांचे गार हात माझ्या बाहीत होते, बोटांना धुपाचा वास होता. त्यांनी माझी बोटं एकमेकांत गुंतवली, एकेक जागेवर बसवली आणि वरून दाबून म्हणाले, "झालं. ही विसरायची नाही."

"पण मीच का?"

"तुझ्यापेक्षा बरा कुणी मिळाला नाही म्हणून," ते म्हणाले आणि हात काढून घेऊन जपमाळ शोधू लागले.

हे वाक्य मी पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं आहे. ते कौतुक होतं की नाही, अजून ठरत नाही.

*

गेन्यू हे खालच्या मोठ्या मठातले ज्येष्ठ. अंगानं स्थूल, आणि त्या दिवशी दाढ दुखत असल्यामुळे गालात लवंग धरून बसलेले. त्यांना बर्फ पडून वाट बंद व्हायच्या आत डोंगर उतरायचा होता. मठातले सगळे भिक्षू सभागृहात दोन्ही बाजूंना ओळीनं बसले होते. पडदा काढला होता. आचार्य अंथरुणावर टेकून बसवलेले होते. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं.

"निन्चो कोण?" गेन्यूंनी विचारलं.

मी वाकलो.

"पोथीशाळा तू सांभाळतोस ना? न मिळालेली मुद्रा जो आपली म्हणून धरतो, त्याला नियम काय सांगतो? वाच."

"वाचायला नको. पाठ आहे."

"मग म्हण."

मी म्हणालो, "त्याला धर्मचोर म्हणावं. ती मुद्रा त्याला पुन्हा धरता येऊ नये म्हणून त्याची बोटं मोडावीत. ज्याच्या हक्काची चोरी झाली त्यानंच ती मोडावीत, दुसऱ्यानं मोडू नयेत."

"आवाज कापतोय तुझा."

"त्याचा नेहमीच कापतो," काकुशुन म्हणाला. "श्राद्धाला जेवायला बोलावलं तरी कापतो."

ओळीतले काहीजण हसले. मीही हसलो. त्यानं मला सांभाळून घेतलं असं मला वाटलं.

गेन्यूंनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "आता मला सांगा, मी ओळखू कशी? ही तुमच्या डोंगराची मुद्रा. मला ती ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारण नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांची वाचा गेली."

"वाचा गेली, पण डावा हात आहे," काकुशुन म्हणाला. "एकेकानं बाहीखाली मुद्रा धरायची आणि त्यांच्या डाव्या हातात द्यायची. खरी असेल तर आचार्य धरून ठेवतील. नसेल तर सोडतील."

"त्यांना एवढं कळतं?"

"विचारून बघा."

गेन्यू अंथरुणाशी वाकले. मोठ्यानं म्हणाले, "आचार्य! हे तुम्हाला मान्य आहे?"

आचार्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"तुला?" गेन्यूंनी मला विचारलं.

मला ती युक्ती अतिशय न्याय्य वाटली. मला सुचली नाही याची लाजही वाटली. मी मान हलवली.

"आधी निन्चो," काकुशुन म्हणाला. "वयानं मोठा आहे."

मी आचार्यांजवळ गेलो. इतक्या महिन्यांत इतक्या जवळ पहिल्यांदाच. त्यांच्या तोंडाला आंबट वास येत होता. मी बाहीत हात घेतले, बोटं गुंतवली. मी बसवली असं म्हणवत नाही, ती आपोआप बसली. डावी करंगळी बाहेर, तशीच जशी त्यांनी बसवली होती. मग मी माझे जोडलेले हात बाहीसकट त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवले.

हात गरम होता. मला तो गार आठवत होता. त्यानं माझे हात एकदम घट्ट पकडले.

माझ्या छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की समोरच्या ओळीला तो ऐकू गेला असेल. पण हात तेवढ्यावर थांबला नाही. त्याची बोटं माझ्या बोटांवरून सरपटत गेली, त्यांना माझी करंगळी सापडली. त्यांनी ती वाकवली, ओढली आणि बाहेरची आत घेतली. मग पुन्हा सगळं घट्ट आवळलं.

मी आचार्यांकडे पाहिलं. डोळ्यातून पाणी गालावर उतरत होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. या अवस्थेत, जीभ नसताना, अर्धं शरीर नसताना, ते मला शिकवत होते. पूर्वी माझ्या हातातला कुंचला मागून धरून अक्षर सरळ करायचे, तसेच.

"धरला?" गेन्यूंनी विचारलं.

"धरला," मी म्हणालो. "आणि करंगळी सुधारली."

"म्हणजे?"

"मी बाहेर ठेवली होती. त्यांनी ती आत घेतली."

काकुशुननं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तू आणलीस ती मुद्रा चुकीची होती," गेन्यू सावकाश म्हणाले.

"चुकीची... माझी चूक झाली असेल. माझ्या लक्षात..."

"आचार्यानं ज्याला बोट धरून मुद्रा दिली, त्याचं बोट चुकतं?"

"माझं चुकू शकतं," मी म्हणालो.

दुसरं उत्तर मला येत नव्हतं. आजही मला कुणी विचारलं की तुझं चुकलं का, तर मी असलंच काहीतरी म्हणेन.

"काकुशुन," गेन्यूंनी हाक मारली.

काकुशुन पुढे सरकला. त्यानं बाही पसरली, हात आचार्यांच्या हाताखाली दिले. एक श्वास घ्यायला लागेल तेवढा वेळ गेला.

"धरला," तो म्हणाला.

"काही सुधारलं?"

"नाही."

*

धूप कुटायची शिळा आणि बत्ता सभागृहात आणले. बत्ता पितळेचा होता, त्याला चंदनाची पूड लागलेली होती. ती कुणीतरी आधी फडक्यानं पुसून घेतली.

"मी हे करणार नाही," काकुशुन म्हणाला.

"मग चोरी तुझ्या हक्काची झालेली नाही," गेन्यू म्हणाले. "मग कुणाच्या हक्काची झाली, ते मला पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल."

काकुशुननं बत्ता उचलला. मग माझ्यासमोर बसला. माझा डावा हात त्यानं शिळेवर उताणा ठेवला, पालथा केला, बोटं एकमेकांपासून वेगळी केली. त्याची पकड सवयीची होती. तो आचार्यांचे हात रोज असेच धुवायचा.

माझ्या कानाशी वाकून तो पुटपुटला, "तोंड कशाला उघडलंस, मूर्खा?"

मला वाटलं, चोरी केल्याबद्दल तो रागावला आहे. मी म्हणालो, "मला माफ कर."

त्यानं करंगळीपासून सुरुवात केली.

अंगठे राहिले. नियमात बोटं मोडावीत एवढंच लिहिलं आहे. अंगठा हे बोट धरायचं की नाही यावर भाष्यकारांचं एकमत नाही, हे मीच पूर्वी एका टिपणात दाखवून दिलं होतं. गेन्यूंनी मला त्याबद्दल विचारलं, आणि मी उजवा हात शिळेवर असताना त्यांना त्या मतभेदाची माहिती दिली. मी ओरडलोही पुष्कळ. पण ती माहिती बरोबर दिली.

मधून मधून मी आचार्यांकडे पाहत होतो. ते माझ्याकडेच बघत होते. डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं. माझ्यासाठी रडणारं या डोंगरावर कुणीतरी आहे, असं मला वाटलं. पुढची सगळी वर्षं मी त्या पाण्यावर काढली.

*

आचार्य त्याच थंडीत गेले. काकुशुनच्या डोक्यावर अभिषेकाचं पाणी ओतलं गेलं आणि तो मठाधिपती झाला. त्यानं मला हाकललं नाही. "पोथ्या वाचायला बोटं लागत नाहीत," असं तो म्हणाला आणि मला पोथीशाळेत ठेवलं. अंगठा आणि तळवा यांच्यात बांबूची चपटी काडी धरून मी पानं उलटायला शिकलो. मनगटाला कुंचला बांधून लिहायलाही शिकलो. अक्षर लहान मुलासारखं येतं. नवे भिक्षू मला 'करंगळीवाले' म्हणत. त्या दिवशी मी सभागृहात जे बोललो ते सगळ्या डोंगराला पाठ झालेलं होतं.

काकुशुन पोथीशाळेत कधी आला नाही. मग एका उन्हाळ्यात आला.

आम्ही पोथ्यांना ऊन देत होतो. उन्हाळ्याच्या तोंडावरचा पाऊस संपून हवा कोरडी झाली की कसर लागू नये म्हणून त्या उघडून ओट्यावर पसरायच्या असतात. बाकीचे जेवायला गेले होते. तो काठी टेकत आला आणि धापा टाकत पायरीवर बसला. चेहरा पिवळा पडला होता. पाय सुजले होते, पोट पुढे आलं होतं.

"पंडित," तो म्हणाला, "अजून वाचतोसच का? संपल्या नाहीत?"

"संपल्या. पुन्हा पहिल्यापासून चाललंय."

तो हसला. त्याचा आवाज तेवढा तसाच होता.

"उद्या माझ्या शिष्याला मुद्रा द्यायची आहे. मी थंडीपर्यंत टिकत नाही म्हणतात."

मी पुढची पोथी उघडून ओट्यावर पसरली.

"निन्चो, ती कशी आहे?"

"काय?"

"मुद्रा. मला दाखव."

मला वाटलं, दुखण्यानं त्याचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हणालो, "तुमच्याकडे आहे ना."

"अहोजाहो नको करूस. माझ्याकडे कुठून असणार? मला त्यांनी दिलीच नाही. मी त्यांची घाण काढली, नखं कापली, पाठीचा पू निपटला. मुद्रा तुला." त्यानं काठी आडवी ठेवली. "झटका यायच्या आधी मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, 'तुझे हात मला पाणी आणायला लागतात.'"

एका पोथीचं पान वाऱ्यानं उलटलं. मी काडीनं ते दाबून धरलं.

"पण त्यांनी तुझा हात धरला," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर."

"ते काहीही धरायचे, निन्चो! चमचा धरायचे, फडकं धरायचे, माझी बाही धरायचे. हातात जाईल ते आवळायचे, पिळायचे, सुटता सुटायचं नाही. रोज दोनदा मी एकेक बोट उचकटून सोडवायचो. तू पडद्याबाहेर बसायचास. ऐकत नव्हतास?"

मी ऐकत होतो. रोज ऐकत होतो.

"ते मला काही शिकवत नव्हते?"

"आजारी हात होता तो."

"आणि डोळे मिटले ते? गेन्यूंनी विचारलं तेव्हा?"

"कानाशी ओरडलं की कुणीही मिटतो."

मी विचारणार नव्हतो, तरी विचारलं. "ते रडत होते."

"तो डोळा झटका आल्यापासून गळायचा. मी उशाशी फडकं ठेवलेलं असायचं त्यासाठी." त्यानं सुजलेला पाय सरळ केला. "त्या दिवशी ठेवायला विसरलो."

मी काडीनं आणखी एक पान उलटलं.

"तुला मोडायचं नव्हतं मला," काकुशुन म्हणाला. "दोघांचेही हात धरले जाणार हे मला ठाऊक होतं. मग दोघेही खरे. मग मी गेन्यूंना म्हणालो असतो, निन्चोला पोथ्या द्या, मला होम द्या. तू खूश झाला असतास, झाला असतास की नाही? पण तू तोंड उघडलंस. करंगळी सुधारली म्हणे! कुणी विचारलं होतं तुला?"

"माझीसुद्धा सुधारली असं तू म्हणू शकला असतास."

"शकलो असतो," तो म्हणाला. "मग आपण दोघेही चोर."

तो बराच वेळ धापा टाकत राहिला. मग त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि सवयीनं त्यांच्यावर बाही ओढून घेतली. ओट्यावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"एवढी वर्षं मी बाहीखाली नुसते हात जोडून बसलो. करंगळी तेवढी आत घ्यायचो, तू म्हणालास तशी. बाकीची बोटं कुठे जातात मला माहीत नाही. मला मरायच्या आधी एकदा खरी धरायची आहे."

मी नाही म्हणू शकलो असतो. का म्हणालो नाही, याचं उत्तर देतो, ते चांगलं नसलं तरी. ती मुद्रा मीही कधी पाहिलेली नव्हती. ती माझ्या हातांत होती आणि हात गेले होते. सगळी बोटं धड असलेल्या हातांवर ती कशी दिसते, ते मला बघायचं होतं.

"बाही काढ," मी म्हणालो.

त्यानं बाही मागे सारली. मी माझ्या अंगठ्यांनी आणि तळव्यांनी त्याची बोटं ढकलत, दाबत, एकेक जागेवर नेली. वेळ लागला. तो एखाद्या गरीब जनावरासारखा हात सैल सोडून बसला होता. शेवटी डावी करंगळी मी बाहेर ठेवली आणि वरून दाबली.

"झालं. ही विसरायची नाही," मी म्हणालो.

आम्ही दोघेही बघत राहिलो. ऊन थेट त्या हातांवर होतं. मिटलेल्या कळीचं एक पान सुटून बाहेर यावं, तशी ती करंगळी दिसत होती. इतकी साधी असेल असं मला वाटलं नव्हतं. काकुशुनचे ओठ हलत होते. तो मंत्र म्हणत असावा.

मग त्यानं हात सोडले.

"उद्या मी आतच देणार," तो म्हणाला.

"काय?"

"करंगळी. आत. बाहेर दिली तर त्या दिवशी तू खरा होतास असं होईल. मग मी कोण? आणि माझ्या हातून अभिषेक झालेले हे सगळे कोण?" त्यानं काठी घेतली आणि उठायला लागला. उठता येईना. त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. "आणि तसंही आत घ्यायची हे डोंगरावर सगळ्यांना ठाऊक आहे. तूच सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी अभिषेक झाला. मी ओळीत सगळ्यात शेवटी बसलो होतो. काकुशुननं नव्या शिष्याचे हात बाहीखाली घेतले, आणि बाही एका जागी किंचित हलून आत ओढली गेली. शंख वाजले. काकुशुन त्या वर्षीचा बर्फ पडायच्या आत गेला.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. होम होतात, प्रांताधिकाऱ्यांच्या घरची मुलं सुखरूप जन्मतात, आजारी बरे होतात किंवा होत नाहीत. फरक पडलेला मला दिसत नाही.

काकुशुन खरं बोलला असेल, तर माझी मुद्रा बरोबर होती आणि त्या हातात आचार्य नव्हतेच. तो खोटं बोलला असेल, तर मी चुकलो होतो, आणि आचार्यांनी शेवटचं जे काही केलं, ते मला शिकवण्यासाठी केलं. मरायला टेकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? पण तो आयुष्यभर खोटं बोलला होता.

रोज सकाळी तोंड धुतल्यावर मी बाहीत हात घेतो आणि ही वाकडी बोटं जमतील तशी जुळवतो. डावी करंगळी मोडल्यावर बाहेरच्या बाजूलाच सांधली गेली आहे. मी उजव्या अंगठ्यानं तिला आत ओढतो.

ती येत नाही. दुखते, तरी मी ओढतो.